पार्श्वभूमी : गरीब देशांची यादी आणि तिच्यातून बाहेर पडण्याचा वाद

बांगलादेश, नेपाळ आणि लाओस यांनी २४ नोव्हेंबर २०२६ रोजी ‘सर्वांत कमी विकसित देशां’च्या यादीतून बाहेर पडावे, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये केला. कोविडमुळे तयारीसाठी नेहमीच्या तीनऐवजी पाच वर्षे दिली गेली. मुदत जवळ येऊ लागली तशी ढाक्यातल्या कपडे निर्यातदारांनी ती पुढे ढकलण्याची मागणी लावून धरली. प्रगती झाली म्हणता, मग यादीमुळे मिळणाऱ्या सवलती सुटत कशा नाहीत, असा प्रश्न त्यांना विचारला जातो. त्याचे उत्तर या यादीच्या इतिहासात, त्यातही २००० ते २०१४ या वर्षांत सापडते.

विकसनशील देशांतही जे फारच मागे पडले आहेत त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था हवी, हा विचार संयुक्त राष्ट्रांच्या १९६४ च्या जिनिव्हातल्या व्यापार व विकास परिषदेपासून सुरू होता. १९६८ मध्ये दिल्लीत भरलेल्या पुढच्या परिषदेत त्याला जोर मिळाला आणि १९७१ मध्ये २५ देशांची पहिली यादी झाली. तिच्यात नेपाळ, भूतान, अफगाणिस्तान होते आणि तेव्हा भारतात सामील न झालेले सिक्कीमही होते. कसोट्या तीन होत्या : दरडोई उत्पन्न १०० डॉलर किंवा कमी, राष्ट्रीय उत्पन्नात कारखानदारीचा वाटा १० टक्क्यांच्या आत, प्रौढ साक्षरता २० टक्क्यांच्या आत. बांगलादेश १९७५ मध्ये आला. २००३ पर्यंत यादीतल्या देशांची संख्या पन्नास झाली होती.

१९८१ मध्ये पॅरिसमध्ये श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.१५ टक्के हिस्सा या देशांना देण्याचे मान्य केले. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग अशा मोजक्यांनी शब्द पाळला, मोठ्या अर्थव्यवस्थांनी बहुतांशी हात आखडताच घेतला. त्यामुळे रोख मदतीपेक्षा शुल्कमुक्त निर्यात, औषधांच्या पेटंटमधून सूट आणि स्वस्त कर्जे यांनाच यादीत असण्याचा खरा अर्थ उरला. युरोपने २००१ मध्ये शस्त्रे वगळता सगळ्या मालासाठी आपली बाजारपेठ या देशांना शुल्क न लावता खुली केली. भारतानेही २००८ पासून शुल्कसवलतीची योजना सुरू केली.

यादीत शिरायला देशाची संमती लागते. १९९४ मध्ये घाना कसोट्यांत बसत होता, पण त्याने नकार दिला आणि तो आजही बाहेर आहे. बाहेर काढताना मात्र संमतीची अट नाही. तीन निकषांपैकी (उत्पन्न, मानवी विकास, आर्थिक असुरक्षितता) दोन निकषांची पातळी लागोपाठ दोन त्रैवार्षिक आढाव्यांत ओलांडली की संयुक्त राष्ट्रांची तज्ज्ञ समिती शिफारस करते आणि प्रकरण वर, आर्थिक व सामाजिक परिषदेकडे आणि तिथून आमसभेकडे जाते. उत्पन्न पुरेसे जास्त असेल तर तेवढ्या एकाच निकषावरही देश बाहेर जाऊ शकतो. तेलावर श्रीमंत दिसणारा इक्वेटोरियल गिनी २०१७ मध्ये तसाच गेला.

या नियमाची खरी परीक्षा मालदीवने पाहिली. समितीने २००० मध्येच त्याला बाहेर काढण्याची शिफारस केली. दरडोई उत्पन्न मर्यादेच्या पुष्कळ वर होते, शाळा आणि आरोग्याचे आकडेही चांगले होते. तिसऱ्या निकषावर देश कधीच उतरला नाही, पण दोन पुरेसे होते. मालदीव सरकारची बाजू अशी होती की सरासरी उत्पन्न रिसॉर्टांमुळे फुगते, बाहेरच्या प्रवाळबेटांवरच्या माणसाचे जगणे त्यात दिसत नाही आणि सगळी जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-अडीच मीटरच्या आत आहे. आर्थिक व सामाजिक परिषदेने तेव्हा निर्णय लांबणीवर टाकला. २००३ मध्ये शिफारस पुन्हा आली आणि २० डिसेंबर २००४ रोजी आमसभेने ती स्वीकारली.

सहा दिवसांनी, २६ डिसेंबरला त्सुनामी आली.

शंभराहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. नुकसानीचा अंदाज ४७ कोटी डॉलर निघाला, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ६२ टक्के. रा प्रवाळद्वीपातले कंढोलुधू बेट राहण्याजोगेच उरले नाही. तिथली हजारो माणसे जवळजवळ चार वर्षे तात्पुरत्या निवाऱ्यांत काढून दुवाफारू या पूर्वी निर्मनुष्य असलेल्या बेटावर नव्याने वसली. असुरक्षितता हा निकष नापास असूनही दुय्यम ठरवला गेला होता आणि सगळा घात नेमका त्याच बाजूने झाला. त्सुनामीचे भाकीत कुणालाच करता आले नसते, हा समितीचा बचाव खरा आहे. पण बेटे सखल आहेत हे सांगायला भाकिताची गरज नव्हती.

आमसभेने २००५ मध्ये प्रक्रिया तीन वर्षे थांबवली. तयारीच्या तीन वर्षांचे घड्याळ १ जानेवारी २००८ ला सुरू झाले आणि १ जानेवारी २०११ ला मालदीव यादीबाहेर गेला. सखल किनारपट्टीत राहणाऱ्या लोकसंख्येचे प्रमाण असुरक्षिततेच्या निर्देशांकात आले ते त्यानंतर, २०१२ च्या आढाव्यापासून. ज्या देशाने हा मुद्दा वर्षानुवर्षे मांडला त्याला तो मिळाला नाही, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

परिणाम मासळीत दिसले. मालदीवचे मच्छीमार जाळ्याने ट्यूना धरत नाहीत. धोणीवरून जिवंत बारीक मासळी पाण्यात फेकतात आणि ट्यूनाचा थवा वर आला की लांब काठीच्या बिनकाट्याच्या गळाने एकेक मासा बोटीत ओढतात. समुद्राला ही पद्धत सोसते, पण माल महाग पडतो. युरोपची शुल्कमाफी २०१३ अखेर संपली आणि डबाबंद ट्यूनावर २४ टक्के शुल्क लागू झाले. त्याच महासागरातल्या सेशेल्सचा माल मात्र वेगळ्या व्यापारकरारामुळे शुल्काशिवाय जात राहिला.

मालदीवनंतरचा क्रम पाहण्यासारखा आहे. सामोआ २०१० मध्ये जायचा होता. २००९ च्या सप्टेंबरात तिथे त्सुनामी आली, मुदत २०१४ झाली. व्हानुआटूवर २०१५ मध्ये पाम चक्रीवादळ कोसळले, मुदत २०१७ वरून २०२० वर गेली. नेपाळ २०१५ मध्ये पात्र ठरला त्याच वर्षी भूकंप झाला. २०१८ मध्ये त्याने स्वतःहून थांबायला सांगितले. भूतान डिसेंबर २०२३ मध्ये आणि साओ टोमे व प्रिन्सिपे वर्षभराने बाहेर गेले, यादीत ४४ उरले.

बांगलादेशचे प्रकरण आकाराने निराळे आहे. युरोपची शुल्कमाफी २०२९ पर्यंत चालेल, पण औषध कंपन्यांची पेटंटमधली सूट, जी यादीतल्या देशांना २०३३ पर्यंत आहे, ती यादीबाहेर पडताच जाते. त्यातच मदतीचा ओघ आटतो आहे. २०२४ मध्ये श्रीमंत देशांची एकूण मदत वास्तविक किमतींत सुमारे सात टक्क्यांनी घटली आणि २०२५ मध्ये तोवर सर्वांत मोठा देणगीदार असलेल्या अमेरिकेने आपल्या मदत संस्थेचा गाशाच गुंडाळला. मुदत वाढवण्याचा अधिकार आमसभेला आहे. मालदीव, सामोआ, व्हानुआटू यांच्या वेळी तो वापरला गेला तो आपत्ती येऊन गेल्यावर. ढाक्यातले निर्यातदार तो आपत्तीआधी वापरायला सांगत आहेत.