व्हॉक्सेल आले कुठून आणि रिसॅम्पलिंगची भानगड नेमकी काय

सिंथेटिक मायक्रोस्ट्रक्चर, म्हणजे धातूच्या आतल्या ग्रेनची (बारीक स्फटिकांची) कॉम्प्युटरवर तयार केलेली रचना, ६४ च्या ग्रिडवर (तिन्ही दिशांना ६४ खाने, त्यातला एकेक घनाकार खाना म्हणजे व्हॉक्सेल) बनवली आणि आता १२८ वर पाहिजे, तर काय करायचं? या कामात पडलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रिसॅम्पलिंगची, म्हणजे तीच रचना दुसऱ्या मापाच्या ग्रिडवर उतरवायची सोय असते, पण ती काय करते आणि काय करूच शकत नाही हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवातीला ग्रिड नव्हतीच. गणितज्ञ डिरिक्लेने १८५० मध्ये आणि व्होरोनॉयने १९०८ मध्ये मांडलेली कल्पना अशी की जागेत बिंदू टाकायचे आणि जो भाग ज्या बिंदूच्या सगळ्यात जवळ तो त्याचा. धातूवाल्यांना हे लगेच पटणारं होतं, कारण सगळे ग्रेन एकाच क्षणी जन्मले आणि सारख्याच वेगाने वाढले तर नेमकी हीच रचना मिळते (ते वेगवेगळ्या वेळी जन्मले तर काय होतं ते जॉन्सन आणि मेहल यांनी १९३९ मध्ये मांडलं). यात रिझोल्यूशनचा प्रश्नच नाही, ग्रेनची सीमा म्हणजे गणितातलं सपाट प्रतल, कितीही जवळ जाऊन बघा.

ग्रिड आली ती हिशोबाच्या सोयीसाठी. १९८४ मध्ये अँडरसन, स्रोलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ग्रेन ग्रोथसाठी (ग्रेन कसे वाढत जातात ते पाहायला) पॉट्स मॉडेल वापरलं, त्यात प्रत्येक खान्यात फक्त एक नंबर, तो खाना कोणत्या ओरिएंटेशनचा (स्फटिकाच्या दिशेचा) ते सांगणारा. मग १९९४ मध्ये फ्रान्समध्ये मुलिनेक आणि स्युके यांनी मटेरियलमधला ताण काढायची एफएफटीवर (फास्ट फूरियर ट्रान्सफॉर्म या झटपट गणिती रूपांतरावर) चालणारी पद्धत दिली, मायक्रोस्ट्रक्चरची डिजिटल इमेज सरळ आत टाका, मेशिंगची (आकाराप्रमाणे जाळी विणायची) कटकटच नाही, आणि २००१ मध्ये लेबेनसॉनने ती पॉलिक्रिस्टलपर्यंत (अनेक ग्रेनच्या पदार्थापर्यंत) नेली. माझ्या मते खरं वळण इथेच आलं. इमेजवाल्यांची ग्रिड आणि मेकॅनिक्सवाल्यांची ग्रिड एकच झाली, आणि इमेजवाल्यांच्या सवयीही सोबत आल्या.

त्यातली सगळ्यात घातक सवय म्हणजे सरासरी काढणं. फोटो मोठा करताना शेजारच्या दोन पिक्सेलची सरासरी चालते, पण इथे खान्यातला नंबर वर्गातल्या रोल नंबरसारखा असतो, ७ आणि ४१ ची सरासरी २४ आली तर तो भलताच कुठला तरी ग्रेन सीमेवर येऊन बसतो. ऑयलर अँगलचंही (ग्रेनची दिशा सांगणाऱ्या कोनांचंही) तेच, ३५९ अंश आणि १ अंश जवळजवळ एकच दिशा, सरासरी मात्र १८०. म्हणून ग्रेन नंबरसाठी नियरेस्ट नेबरच (सगळ्यात जवळच्या जुन्या खान्याचा नंबर जसाच्या तसा घेणं) वापरायचं, डामास्क या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड स्केल करताना तेच होतं. ड्रीम थ्रीडी या मायक्रोस्ट्रक्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये (ग्रोबर आणि जॅक्सन यांचा पेपर २०१४ चा) रिसॅम्पल करताना ग्रेनना नवे नंबर द्यायचा ऑप्शन दिलाय तो उगाच नाही, ग्रिड जाड केली की बारके ग्रेन चक्क गायब होतात आणि मधलेच नंबर रिकामे राहतात.

उलट बाजूने, ६४ ची १२८ केली की खाने २,६२,१४४ वरून २०,९७,१५२ होतात, म्हणजे आठपट, आणि माहिती एका खान्याचीही वाढत नाही. घनाकार खान्यांमुळे तिरक्या सीमेवर पडलेली जुनी पायरी होती तशीच राहते, फक्त आठ खान्यांत कापलेली. खरोखर नव्याने बारीक ग्रिडवर बसवलं तरी पायऱ्यांचा त्रास पूर्ण जात नाही. गोळा घ्या, सहा बाजूंनी प्रत्येकी पाय आर वर्ग (πr²) एवढी सावली, म्हणजे पायऱ्यांचं एकूण क्षेत्रफळ सहा पाय आर वर्ग, खरं आहे चार पाय आर वर्ग, म्हणजे ग्रिड कितीही बारीक करा सीमेचं क्षेत्रफळ दीडपटच राहणार. घनफळ मात्र सुधारत जातं, त्यामुळे लोकांना वाटतं सगळंच सुधारलं. बाउंड्री एनर्जीचे (ग्रेनच्या सीमांवरच्या ऊर्जेचे) आकडे नुसती व्हॉक्सेलची तोंडं मोजून काढणाऱ्यांनी हे नक्की तपासावं.

म्हणून व्होरोनॉयची रचना असेल तर रिसॅम्पल करूच नका असं मी ठामपणे सांगेन, बिंदूंची फाइल जपून ठेवा आणि त्याच बिंदूंवरून १२८ ची ग्रिड नवीन बनवा, सीमा खऱ्या जागी पडतील, पिरियॉडिक (समोरासमोरच्या बाजू एकमेकींना जुळणारी) असेल तर तेही तसंच राहील. रँडम सीड (बिंदू कुठे पडतील ते ठरवणारा सुरुवातीचा आकडा) बदलून परत जनरेट केलं तर मात्र तो दुसराच नमुना झाला, त्याचा आणि जुन्याचा रिझल्ट शेजारी ठेवून ग्रिड कन्व्हर्जन्स (ग्रिड बारीक करत गेल्यावर उत्तर स्थिरावतं हे) दाखवता येत नाही. आणि रचना सिरियल सेक्शनिंग करून (नमुन्याचा एकेक थर काढत) ईबीएसडीने (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये स्फटिकाची दिशा मोजायच्या पद्धतीने) मोजलेली असेल तर मागे बिंदूच नसतात, तिथे मोजताना घेतलेल्या स्टेपपेक्षा (दोन मोजमापांमधल्या अंतरापेक्षा) बारीक काहीही नव्याने मिळणार नाही, नियरेस्ट नेबरवर भागवायचं आणि मूळ स्टेप किती होती ते पेपरमध्ये स्पष्ट लिहायचं.