कंपोस्टेबल आणि बायोडिग्रेडेबल: गोव्यातल्या सरकारी खरेदीत कोणते कशासाठी

पंचायत, नगरपालिका किंवा एखाद्या खात्याच्या खरेदीच्या फाइलीत ‘बायोडिग्रेडेबल/कंपोस्टेबल गार्बेज बॅग’ अशी ओळ हमखास सापडते. मधल्या तिरक्या रेघेमुळे दोन्ही माल एकच असल्याचा समज होतो आणि पुरवठादाराला त्यातला जो स्वस्त पडेल तो पाठवायची मोकळीक मिळते. प्रत्यक्षात कायद्यात दोन्हींची व्याख्या वेगळी आहे, मानक वेगळे आहे आणि वापरून झाल्यावर त्यांनी जिथे जायला हवे ती जागाही वेगळी आहे.

कंपोस्टेबल प्लास्टिक कुजते, पण खताच्या ढिगात आणि ढीग तापलेला असेल तरच. त्यासाठीचे मानक आयएस/आयएसओ 17088. त्याच्या चाचणीत माल साधारण 58 अंश सेल्सिअस तापमानाच्या कंपोस्टमध्ये ठेवतात. 84 दिवसांनी ते कंपोस्ट 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळले तर मूळ मालाच्या कोरड्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त वर राहता कामा नये. मालातल्या सेंद्रिय कार्बनपैकी 90 टक्के 180 दिवसांच्या आत कार्बन डायऑक्साइड होऊन निघून गेला पाहिजे. जड धातूंना मर्यादा आहे आणि तयार खतात बी पेरून ते नीट उगवते का, तेही पाहतात. बाजारातल्या बहुतेक कंपोस्टेबल पिशव्या पीबॅट आणि पीएलए ही कुजणारी प्लास्टिके आणि स्टार्च यांच्या मिश्रणाच्या असतात.

बायोडिग्रेडेबल प्लास्टिकची व्याख्या केंद्राच्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत मार्च 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कडक झाली. कंपोस्टेबल सोडून इतर जे प्लास्टिक माती, कचराभूमी, पाणी अशा विशिष्ट वातावरणात जैविक क्रियेने विघटित होते आणि मागे मायक्रोप्लास्टिक किंवा विषारी अवशेष ठेवत नाही, तेच बायोडिग्रेडेबल. त्याचे तात्पुरते भारतीय मानक आयएस 17899. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हा शब्द जास्त अवघड आहे: कंपोस्टेबलला गरम ढिगाची मदत असते, याला त्या ढिगाशिवाय संपून जायचे असते. बाजारात चित्र बरोबर उलटे दिसते. कंपोस्टेबल म्हणून विकायला प्रमाणपत्राचा खर्च करावा लागतो. बायोडिग्रेडेबल हा शब्द मात्र हिरव्या पानाच्या चित्रासह कुठल्याही पिशवीवर सर्रास छापलेला दिसतो.

त्या शब्दामागे पुष्कळदा साधे पॉलिथिनच असते. त्यात कोबाल्ट, मँगनीज किंवा लोखंडाचे क्षार मिसळतात. ऊन आणि उष्णता लागली की हे क्षार पॉलिथिनच्या लांब साखळ्या तोडतात आणि सहा-आठ महिन्यांत पिशवीचा भुगा होऊ लागतो. बघणाऱ्याला ती जिरली असे वाटते, पण भुग्याचा प्रत्येक कण पॉलिथिनचाच असतो आणि तो आता वेचताही येत नाही. याला ऑक्सो-डिग्रेडेबल म्हणतात. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशाने अशा मालावर बंदी घातली. मायक्रोप्लास्टिक मागे राहू नये ही अट आपल्या व्याख्येतही असल्याने हा माल त्यात बसत नाही. तरीही तो सरकारी कोठारात पोचतो, कारण खरेदीच्या ओळीत मानकाचा आकडाच लिहिलेला नसतो.

या गोंधळाला सवलतीचाही हातभार आहे. 31 डिसेंबर 2022 पासून प्लास्टिकची हातपिशवी 120 मायक्रॉनपेक्षा पातळ असू नये असा नियम आहे. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, ट्रे, मिठाईच्या खोक्यावरचे आवरण आणि 100 मायक्रॉनखालचे बॅनर बंद आहेत. प्रमाणित कंपोस्टेबल मालाला या जाडीच्या आणि बंदीच्या अटींतून सूट आहे. सूट मिळते म्हटल्यावर खोटा छापही मिळतो. म्हणून 30 मायक्रॉनची पिशवी हातात आली की प्रश्न एकच: प्रमाणपत्र कुठे आहे? ते असेल तर पिशवी कायदेशीर, नसेल तर ती स्वीकारणारे कार्यालयच नियम मोडते.

प्रमाणपत्र वाचायचे कसे

प्रमाणपत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ देते, तेही उत्पादकाच्या किंवा विक्रेत्याच्या नावाने. फाइलीत बहुधा त्याची झेरॉक्स लावलेली असते आणि तपासणी तिथेच थांबते. निदान चार गोष्टी पाहाव्यात. पिशवीवर छापलेले उत्पादकाचे नाव आणि प्रमाणपत्रावरचे नाव एकच आहे का. प्रमाणपत्र क्रमांक पिशवीवर छापला आहे का, आणि मंडळाच्या संकेतस्थळावरच्या यादीत तो त्याच नावापुढे आहे का. प्रमाणपत्र तयार मालाचे आहे की फक्त कच्च्या दाण्याचे. ही चूक सर्वांत जास्त होते. दाणा प्रमाणित असला तरी त्यात रंग, शाई, खडूची पूड किंवा पॉलिथिन मिसळून काढलेली पिशवी प्रमाणित ठरत नाही. चौथी गोष्ट म्हणजे जाडी: पिशवीची चाचणी ज्या जाडीपर्यंत झाली, तिच्यापेक्षा जाड मालाला ते प्रमाणपत्र लागू धरू नये, कारण जाडी वाढली की कुजायला लागणारा काळही वाढतो.

माल उतरवताना एक सोपी चाचणी कार्यालयातच करता येते. वेगवेगळ्या पाच खोक्यांतून एकेक पिशवी काढा. प्रत्येकीचा दोन सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा कापा. पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, तुकडा बोटाने पाण्याखाली दाबून चिकटलेले बुडबुडे सोडवा आणि बोट काढा. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके असल्याने तुकडा वर येतो. पीएलए आणि पीबॅट पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसतात. साबण यासाठी, की तो नसेल तर पातळ फिल्म जड असूनही पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत राहते आणि चांगला माल नाकारला जातो. तुकडा वर आला तर लॉट तिथेच थांबवा. तो बुडाला म्हणून मात्र माल खरा ठरत नाही, कारण पॉलिथिनमध्ये खडूची पूड भरपूर घातली की तेही बुडते. शंका असेल तर एक नमुना सही करून पाकिटात सीलबंद ठेवा आणि दुसरा एफटीआयआर तपासणीला प्रयोगशाळेत पाठवा. प्लास्टिक कोणत्या जातीचे आहे ते या तपासणीत लगेच कळते. 17088 ची पूर्ण चाचणी सहा महिने चालते, ती प्रत्येक लॉटला करणे शक्यच नाही. पिशवी जाळून वास घेण्याची जुनी पद्धत कर्मचाऱ्यांवर लादू नये. त्या धुराने अपाय होतो आणि त्यावरून खात्रीने काही सांगताही येत नाही.

पिशवी शेवटी जाते कुठे

खरेदी करणाऱ्याने सर्वांत आधी पाहायला हवी ती ही बाब, आणि नेमकी तीच सर्वांत शेवटी पाहिली जाते. कंपोस्टेबल माल म्हणजे तापलेला ढीग गृहीत धरून घेतलेला माल. पंचायतीच्या आवारातल्या खतकुंडीत तो ताप येतो का? ढीग निदान एक घनमीटर, म्हणजे लांबी-रुंदी-उंची मीटरभर हवी. त्याहून लहान ढिगात निर्माण झालेली उष्णता टिकत नाही. आत ओल असावी पण पाणी गळू नये, आणि आठवड्याला तो खालीवर करावा. गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. वर पक्के छप्पर नसलेली कुंडी पहिल्या आठवड्यातच भिजते, हवा कोंडते आणि तापमान तिशीत उतरते. त्या तापमानाला भाताची शिते आणि केळीची साल कुजतात. पिशवीच्या पट्ट्या तशाच राहतात. मग खत चाळणारी बाई त्या पट्ट्या हाताने वेचते आणि सुक्या कचऱ्यात टाकते. म्हणजे जास्त पैसे मोजून घेतलेला माल पॉलिथिनच्याच वाटेने जातो. हॉटेले आणि वसाहतींत बसवलेल्या कचऱ्यापासून झटपट खत करणाऱ्या यंत्रांत तर हे काम होतच नाही. त्यांची एक फेरी काही दिवसांत संपते, पिशवीला आठवडे लागतात.

साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यातून गॅस काढला जातो. अशा कोणत्याही प्रकल्पातल्या टाकीत हवा नसते आणि तापमान बहुधा चाळिशीच्या आत असते, त्यात पीएलए आणि पीबॅट जवळजवळ जसेच्या तसे राहतात. पातळ फिल्म घुसळणीच्या दांड्याला गुंडाळली जाण्याचीही भीती असते. म्हणून अशा प्रकल्पांत पिशव्या आधीच बाजूला काढतात, आणि सरकत्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या माणसाला कंपोस्टेबल कोणती आणि साधी कोणती हे ओळखता येणे अवघड. उलट्या बाजूने, कंपोस्टेबल पिशवी सुक्या कचऱ्यात गेली तर पॉलिथिनच्या पुनर्वापराचा लॉट बिघडवते, आणि पीएलएचा पेला पेट बाटल्यांचा. गोव्यातला पुनर्वापर न होणारा सुका कचरा शेजारच्या कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जाळायला जातो. प्रमाणित पिशवीचा शेवटही तिथेच होणार असेल तर ती प्रमाणित घेऊन मिळवले काय?

गटारातून वाहत खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधातल्या शेताच्या, मानशीला (पाण्याच्या दाराला) अडकलेल्या कंपोस्टेबल पिशवीकडेही मोठ्या आशेने पाहू नये. खाऱ्या आणि ढिगाच्या मानाने थंड पाण्यात पीएलए वर्षभरातही फारसे बदलत नाही.

म्हणून ऑर्डर काढण्याआधी ज्या संस्थेकडे ओला कचरा जातो तिला लेखी विचारावे: तुमच्या ढिगाचे तापमान किती, माल किती दिवस राहतो, पिशव्या फोडून काढता की आत घालता? ‘फोडून काढतो’ असे उत्तर आले तर गार्बेज बॅग घेऊच नये. झाकणाची बादली आणि ती रोज धुण्याची सोय, हीच तिथली योग्य खरेदी. सरकारी दवाखान्यांतल्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या रंगीत पिशव्यांचे नियम पूर्ण वेगळे आहेत, त्या या हिशेबात धरू नयेत.

पेले, ताटल्या आणि डेड स्टॉकचे रजिस्टर

बैठकीच्या चहासाठी कंपोस्टेबल पेला घेताना तापमान पाहावे. साधे पीएलए 55 ते 60 अंशांना मऊ पडते आणि चहा त्याहून गरम असतो. पेला हातात वाकतो, मग दोन पेले एकात एक घालून दिले जातात आणि खरेदी दुप्पट होते. कागदी पेल्याच्या आत बहुधा पॉलिथिनचा पातळ थर असतो. तो ना कंपोस्टेबल ना बायोडिग्रेडेबल. पोफळीच्या विरीची (झावळीच्या रुंद देठाची) ताटली किंवा शिवलेली पत्रावळ यांत प्लास्टिकच नसल्याने त्यांना ना 58 अंशांचा ढीग लागतो ना प्रमाणपत्र. त्या साध्या कुंडीतही कुजतात, आणि पत्रावळीची ऑर्डर गावच्या स्वयंसहाय्य गटाला देता येते. फक्त त्या कोरड्या जागी ठेवाव्यात, नाहीतर श्रावणात बुरशी येते. कंपोस्टेबल पिशव्यांनाही दमट हवा मानवत नाही. कोठारात पडून राहिल्या की त्या चिवटपणा गमावतात आणि कचरा भरताच तळातून फाटतात. वर्षाचा साठा एकदम उतरवून घेऊ नये. दर वर्षभराचा ठरवावा, माल तिमाहीने मागवावा आणि खोक्यावर उत्पादनाची तारीख मागावी.

आमच्या मते बहुतेक कार्यालयांना या दोन्हींपैकी काहीच घ्यायची गरज नसते. वर्षाला दहा कार्यक्रम आणि दर वेळी 200 माणसे धरली तर 2000 ताटल्या आणि 2000 पेले लागतात. त्याऐवजी स्टीलचे प्रत्येकी 220 नग घेतले तर ते अनेक वर्षे चालतात. ते घेतले जात नाहीत यामागे खर्चापेक्षा नोंदवहीचा धाक जास्त असतो. एकदाच वापरायचा माल उपभोग्य वस्तूंत जातो आणि संपला की विषय संपतो. स्टीलचे ताट डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढते, आणि हरवलेल्या प्रत्येक ताटाचा जाब कारकुनाला द्यावा लागतो. ही भीती दूर करायची तर मंजुरीच्या आदेशातच वर्षाला 5 टक्के तूट निर्लेखित करण्याची तरतूद लिहावी, आणि धुण्याचे काम जेवणाच्या वर्क ऑर्डरमध्ये वेगळ्या दराने दाखवावे. ताटे ठेवायला जागा नसेल तर गावच्या देवस्थानाची किंवा मंडळाची भांडी भाड्याने घेता येतात. ते बिल सेवेचे असते, रजिस्टरमध्ये काहीच चढत नाही.

तरीही कंपोस्टेबल माल घ्यायचा ठरला, तर जेमवर (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारावर) कॅटलॉगमधल्या वर्णनावर विसंबू नये. बायर ॲडेड टर्म्समध्ये, म्हणजे खरेदीदाराच्या जादा अटींत, मजकूर असा घालावा: ‘माल आयएस/आयएसओ 17088 नुसार कंपोस्टेबल असावा. बायोडिग्रेडेबल, ऑक्सो-डिग्रेडेबल, अर्थ-फ्रेंडली इत्यादी वर्णनाचा माल स्वीकारला जाणार नाही. प्रत्येक नगावर उत्पादकाचे नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक छापलेला असावा. तयार मालाचे वैध प्रमाणपत्र बिडसोबत जोडावे. प्रत्येक लॉटमधील नमुने तपासले जातील. पॉलिथिन आढळल्यास संपूर्ण लॉट पुरवठादाराने स्वखर्चाने परत न्यावा.’ देयकाचा काही भाग, समजा 20 टक्के, तपासणीच्या निकालापर्यंत रोखण्याची अटही तिथेच लिहावी. माल वापरून संपल्यावर अहवाल आला तर परत पाठवायला काही उरत नाही.

आणखी एक अट बहुतेक निविदांत राहून जाते, ती वेष्टनाची. कंपोस्टेबल ताटल्या 25-25 च्या गठ्ठ्यात पॉलिथिन गुंडाळून येतात, शाळेचे गणवेश एकेक करून पारदर्शक पाकिटात येतात, झेरॉक्सच्या कागदाच्या खोक्यावर पुन्हा श्रिंक फिल्म असते. ‘आतील गठ्ठे कागदी पट्टीने किंवा सुतळीने बांधावेत, बाहेरचे खोके पुठ्ठ्याचे असावे, नगागणिक प्लास्टिक वेष्टन नसावे, पावसाळ्यात संरक्षणासाठी संपूर्ण खेपेवर एक ताडपत्री चालेल आणि ती पुरवठादाराने परत न्यावी’ एवढे लिहिले तरी पुरते. बिड उघडण्याआधी लिहिले तर पुरवठादार त्याचा खर्च दरात धरतो. ऑर्डर निघाल्यावर सांगितले तर तो नकार देतो आणि नियमाने तो बरोबर ठरतो.