केबलकार्ड : कूटबद्ध केबल वाहिन्यांचे घरगुती संगणकावरील रेकॉर्डिंग

केबलकार्ड म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील डिजिटल केबल दूरचित्रवाणीच्या कूटबद्ध वाहिन्या उलगडणारे, केबल कंपनी ग्राहकाला भाड्याने देई असे छोटे कार्ड. जुन्या लॅपटॉपमध्ये खाचेत सरकवत असत त्या पीसीएमसीआयए टाइप-टू कार्डाएवढा त्याचा आकार असतो. ते ट्यूनरमध्ये, म्हणजे तारेतील हवी ती वाहिनी पकडणाऱ्या उपकरणात, बसवले की कंपनीच्या सेट-टॉप बॉक्सवाचून ग्राहकाच्या स्वतःच्या उपकरणावर, म्हणजे दूरचित्रवाणी संचावर, स्वतंत्र रेकॉर्डरवर किंवा घरच्या संगणकावर, त्याने पैसे भरलेल्या वाहिन्या दिसू लागत. संगणकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व विशेष आहे, कारण कूटबद्ध केबल कार्यक्रम मूळ डिजिटल दर्जात आणि कायद्याच्या चौकटीत राहून संगणकावर साठवण्याचा हा जवळजवळ एकमेव राजमार्ग होता.

अ‍ॅनालॉग काळात हा प्रश्नच नव्हता. केबलची तार थेट संचाला किंवा व्हीसीआरला जोडली की बहुतेक वाहिन्या दिसत व रेकॉर्डही करता येत. संगणकात ट्यूनर कार्ड बसवणाऱ्यालाही तेवढेच पुरे होई. कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणे हा न्याय्य वापर आहे, असा निर्णय सोनी विरुद्ध युनिव्हर्सल या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला होता. वाहिन्या डिजिटल व कूटबद्ध झाल्यावरही तो निर्णय कायम राहिला, मात्र रेकॉर्डिंगपूर्वी उघडावे लागणारे कुलूप आता कंपनीच्या पेटीत होते, आणि १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने असे कुलूप परवानगीवाचून फोडण्यास मनाई केली. रेकॉर्डिंगचा हक्क आहे, पण कुलूप उघडण्याचा नाही, अशा या कोंडीतून बाहेर पडण्यासाठी कुलूपच पेटीपासून वेगळे काढण्याची कल्पना पुढे आली.

तिचा कायदेशीर उगम १९९६ च्या दूरसंचार कायद्याने आणलेल्या कलम ६२९ मध्ये आहे. केबल वाहिन्या पाहण्याची उपकरणे केबल कंपनीशी संबंध नसलेल्या उत्पादकांकडूनही खुल्या बाजारात मिळावीत, अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी या कलमाने फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक आयोगावर टाकली. टेलिफोनच्या तारेला ग्राहकाने स्वतःचे उपकरण जोडावे की नाही, हा वाद याच आयोगाने १९६८ च्या कार्टरफोन निर्णयात ग्राहकाच्या बाजूने सोडवला होता. केबलच्या बाबतीत तसेच काही घडावे ही अपेक्षा त्यामागे होती. १९९८ मध्ये आयोगाने सुरक्षायंत्रणा पेटीपासून अलग करण्याचा आदेश दिला. डिसेंबर २००२ मध्ये केबल उद्योग आणि दूरचित्रवाणी संच बनवणारे उद्योग यांच्यात तडजोड झाली, २००३ मध्ये आयोगाने ती नियमांत उतरवली आणि जुलै २००४ पासून मागणाऱ्या ग्राहकाला कार्ड देणे केबल कंपन्यांना बंधनकारक झाले. कार्डाचे तांत्रिक विनिर्देश केबल उद्योगाच्याच केबललॅब्स या संशोधनसंस्थेने तयार केले, आणि कार्ड स्वीकारणारे प्रत्येक उपकरण प्रमाणित करण्याचा अधिकारही तिच्याकडेच राहिला. ज्या बाजारात स्पर्धा आणायची त्याच बाजारातील प्रस्थापितांच्या हाती प्रवेशद्वार देण्याचा हा निर्णय पुढील बऱ्याच अडचणींच्या मुळाशी आहे, असे म्हणावे लागते.

कार्डाचे काम समजण्यासाठी तारेतून येणारा संकेत पाहणे आवश्यक आहे. अमेरिकी केबलमध्ये प्रत्येक वाहक-पट्टा ६ मेगाहर्ट्झ रुंदीचा असतो आणि त्यावर बहुधा २५६-क्वाम पद्धतीचे अधिमिश्रण केलेले असते, म्हणजे त्या पद्धतीने लहरीवर डिजिटल माहिती चढवलेली असते. त्यातून सेकंदाला सुमारे ३८.८ मेगाबिट माहिती वाहते, म्हणजे एका पट्ट्यात दोन-तीन उच्च-विभेदन (एचडी) वाहिन्या किंवा दहा-बारा साध्या वाहिन्या सहज मावतात. ट्यूनर तो पट्टा पकडून त्यातील एमपेग-२ वाहक-प्रवाह, म्हणजे संकोचित (कॉम्प्रेस केलेल्या) चित्र-ध्वनीची माहिती, कार्डाच्या हवाली करतो. कार्डाला दोन गोष्टी लागतात : ग्राहकाने कोणत्या वाहिन्या घेतल्या आहेत हे सांगणारे अधिकृतीचे संदेश, जे एका स्वतंत्र वारंवारतेवरून सतत येत असतात; आणि प्रवाहातच मिसळलेल्या, सतत बदलत राहणाऱ्या किल्ल्या. मोटोरोला व सायंटिफिक-अटलांटा (पुढे सिस्को) या दोन कंपन्यांच्या कूटपद्धती परस्परांशी विसंगत होत्या, आणि त्यांपैकी कोणती वापरली आहे हे केवळ कार्डाला माहीत असे. ट्यूनरला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. गाव बदलले तर कार्ड बदलावे, उपकरण तेच राहावे, ही या रचनेतील खरी हुशारी होय. सुरुवातीचे एस-कार्ड एका वेळी एकच वाहिनी उलगडत असे. नंतरचे एम-कार्ड एकाच वेळी सहापर्यंत प्रवाह हाताळू शके, आणि त्यामुळेच एका कार्डावर तीन-चार कार्यक्रम एकाच वेळी रेकॉर्ड करणारे संगणक-ट्यूनर शक्य झाले.

उलगडलेला प्रवाह कार्डातून उघडा बाहेर पडत नाही. कार्ड आणि ते ज्यात बसवले आहे ते यजमान उपकरण एकमेकांची प्रमाणपत्रे तपासतात, आपसांत एक किल्ली ठरवतात आणि संरक्षित प्रवाह त्या किल्लीने पुन्हा कूटबद्ध होऊनच दोहोंमधील काही मिलिमीटरचे अंतर ओलांडतो. यासाठी दोघांची जोडणी केबल कंपनीच्या नोंदीत असावी लागते. व्यवहारात याचा अर्थ असा की, ग्राहकाने कंपनीला दूरध्वनी करून पडद्यावर दिसणारे कार्डाचे व यजमानाचे लांबलचक क्रमांक वाचून दाखवायचे आणि पलीकडच्या माणसाने ते अचूक टिपून घ्यायचे. एक अंक चुकला तरी खुल्या वाहिन्या दिसत आणि नेमक्या संरक्षित वाहिन्या कोऱ्या राहत, त्यामुळे दोष तारेत आहे, ट्यूनरमध्ये आहे की नोंदीत, हे ओळखणे अवघड जाई. २०१० च्या सुधारित नियमांनी ग्राहकाला स्वतः कार्ड बसवू देणे कंपन्यांना भाग पाडले. तोपर्यंत अनेक ठिकाणी त्यासाठी तंत्रज्ञाची वाट पाहावी लागे.

रेकॉर्डिंगच्या दृष्टीने सर्वांत कळीची बाब म्हणजे प्रत्येक वाहिनीसोबत येणारी प्रत-नियंत्रणाची खूण. ती अवघी दोन बिटांची असून तिची चार मूल्ये आहेत : मुक्त प्रत, यापुढे प्रत नाही, एकदाच प्रत आणि कधीही प्रत नाही. मुक्त प्रत अशी खूण असलेला कार्यक्रम साध्या फाइलच्या रूपात साठवता येतो, दुसऱ्या संगणकावर नेता येतो, जाहिराती कापून त्याचे संपादन करता येते. एकदाच प्रत या खुणेचा कार्यक्रम रेकॉर्ड तर होतो, पण रेकॉर्ड होताक्षणी त्याची खूण ‘यापुढे प्रत नाही’ अशी होते आणि फाइल त्या एकाच संगणकाला बांधली जाते. कधीही प्रत नाही असे म्हटले असेल तर फक्त थोडा वेळ थांबवून पुढे पाहण्याची मुभा असते. आयोगाच्या नियमांत ती मर्यादा ९० मिनिटांची होती. २००३ च्या नियमांनुसार हवेतून विनामूल्य प्रक्षेपित होणाऱ्या वाहिन्यांवर केबल कंपनीला कोणतेही बंधन घालता येत नसे, वर्गणीच्या वाहिन्यांवर फार तर एकदाच प्रत ही मर्यादा घालता येई, आणि कधीही प्रत नाही ही खूण दर कार्यक्रमागे पैसे घेणाऱ्या व मागणीनुसार दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांसाठी राखीव होती.

या चौकटीच्या आत कोणती खूण लावायची हे मात्र केबल कंपनी ठरवीत असे. त्यामुळे एकच वाहिनी एका शहरात मुक्त आणि शेजारच्या शहरात बंदिस्त असू शके. टाइम वॉर्नर केबलच्या जाळ्यावर स्थानिक प्रक्षेपण-वाहिन्या सोडल्यास बहुतेक सर्व काही ‘एकदाच प्रत’ असे, तर व्हेरायझनच्या फायोस सेवेत बहुतांश वाहिन्या मुक्त असत. संगणक, ट्यूनर व कार्ड तेच असूनही ग्राहकाचा संग्रह टिकणार की नाही, हे असे दोन बिटांवर अवलंबून राही. आणि या बिटांची माहिती वर्गणी भरताना ग्राहकाला सहसा दिली जात नसे. जानेवारी २०१३ मध्ये कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने २००३ चा आदेश रद्द केल्यावर तर या मर्यादांचा नियामक आधारही गेला.

संगणकाला या व्यवस्थेत प्रवेश मिळाला तो उशिरा. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या मीडिया सेंटर या दूरचित्रवाणी पाहण्याच्या व रेकॉर्ड करण्याच्या प्रणालीत केबलकार्डाची सोय आली, परंतु एटीआय कंपनीचा ट्यूनर सुटा विकत घेऊन कोणत्याही संगणकाला जोडता येत नसे. उत्पादकाने खास या कामासाठी प्रमाणित करून विकलेलाच संगणक लागे. स्वतःच्या हातांनी संगणक जुळवणारा, म्हणजे या तंत्राची सर्वाधिक ओढ असलेला ग्राहकच त्यामुळे बाहेर राहिला. शिवाय खूण मुक्त असली तरी प्रत्येक रेकॉर्डिंग कूटबद्धच होई. सप्टेंबर २००९ मध्ये ही दोन्ही बंधने उठवल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आणि विंडोज ७ सोबत खऱ्या अर्थाने या छंदाला बहर आला. २०१० मध्ये सेटॉन कंपनीचे चार ट्यूनरांचे इन्फिनिटीव्ही ४ हे कार्ड आले. त्यानंतर सिलिकॉनडस्टचे एचडीहोमरन प्राइम आले, ज्यात तीन ट्यूनर असून ते संगणकात न बसवता घरातील नेटवर्कला जोडायचे होते. प्रवाह मुळातच एमपेग-२ स्वरूपात येत असल्याने संगणकाला नव्याने संकोचन करावे लागत नसे. आलेली माहिती जशीच्या तशी डिस्कवर उतरे. सेकंदाला १५ मेगाबिटांच्या प्रवाहाचा एक तास सुमारे पावणेसात गिगाबाइट जागा घेतो, त्यामुळे प्रोसेसर साधा असला तरी चाले, डिस्क मात्र मोठी लागे.

केबल कंपन्यांनी स्विच्ड डिजिटल व्हिडिओ ही पद्धत आणली तेव्हा या रचनेचा कच्चा दुवा उघडा पडला. या पद्धतीत कमी पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या सदैव तारेत नसतात. कोणी मागणी केली की त्या भागापुरत्या सोडल्या जातात. २००३ चे नियम एकदिश उपकरणांचे होते, म्हणजे ट्यूनर ऐकू शके पण मागणी पाठवू शकत नसे. उपाय म्हणून ट्यूनिंग अ‍ॅडाप्टर नावाची आणखी एक पेटी यूएसबीने जोडावी लागली, जी संगणकाच्या वतीने वाहिनी मागे. पेटी टाळण्यासाठी कार्ड घेतलेल्या ग्राहकाच्या घरी शेवटी कंपनीची पेटी आलीच. ती अधूनमधून अडकून पडे आणि रात्री ठरवलेले रेकॉर्डिंग सकाळी रिकामे निघे, ही वापरकर्त्यांची नेहमीची तक्रार होती.

लिनक्सवरील मिथटीव्हीसारख्या रेकॉर्डिंगच्या मुक्त प्रणालींना बंदिस्त कार्यक्रम कधीच उपलब्ध झाले नाहीत. ज्या प्रणालीचा उगमसंकेत (सोर्स कोड) कोणीही बदलू शकतो तिला हक्कसंरक्षणाचे प्रमाणपत्र मिळणे शक्यच नव्हते; मुक्त प्रत असलेल्या वाहिन्या मात्र नेटवर्क-ट्यूनरद्वारे तिच्यावर उत्तम रेकॉर्ड होत. कार्डाव्यतिरिक्त काही आडवाटाही होत्या. मूलभूत संचातील वाहिन्या कूटबद्ध करण्यास १९९४ पासून मनाई असल्याने त्या साध्या क्वाम ट्यूनरवर दिसत, पण ऑक्टोबर २०१२ मध्ये आयोगाने पूर्णतः डिजिटल झालेल्या जाळ्यांना या मनाईतून सूट दिली आणि ती वाट बुजली. एप्रिल २००४ पासून ग्राहकाने मागितल्यास फायरवायर ही डिजिटल जोडणी असलेली उच्च-विभेदन पेटी देणे कंपन्यांवर बंधनकारक होते, तिच्यातूनही मुक्त प्रवाह संगणकात घेता येई. उरला तो अ‍ॅनालॉग मार्ग : पेटीच्या कॉम्पोनंट जोडणीतून बाहेर पडणारे चित्र २००८ मध्ये आलेल्या हॉपॉगच्या एचडी-पीव्हीआरसारख्या उपकरणाने पुन्हा डिजिटल करायचे आणि वाहिनी बदलण्यासाठी पेटीसमोर अवरक्त किरणांचा छोटा दिवा चिकटवायचा. यात दर्जा किंचित उतरे, परंतु प्रत-नियंत्रणाची खूण आड येत नसे.

केबलकार्डाची उतरण नियमांतूनच झाली. जुलै २००७ पासून केबल कंपन्यांनी आपल्या नव्या पेट्यांतही कार्डच वापरावे अशी सक्ती होती. हेतू असा की स्वतःच्या पेट्या कार्डावर चालल्या म्हणजे कंपन्या कार्डाची नीट काळजी घेतील. कंपन्यांच्या पेट्यांत चार कोटींहून अधिक कार्डे बसली, दुकानांतून घेतलेल्या उपकरणांत मात्र सहा लाखांच्या आसपासच. कंपनीच्या पेटीत कारखान्यातच बसवून जोडलेले कार्ड आणि ग्राहकाने दूरध्वनीवर क्रमांक वाचून जोडलेले कार्ड यांचा अनुभव एक नव्हता, त्यामुळे सक्तीतून अपेक्षित आस्था निर्माण झाली नाही. २०१४ च्या कायद्याने ती सक्ती डिसेंबर २०१५ पासून संपुष्टात आणली. २०१५ मध्येच विंडोज १० मधून मीडिया सेंटर वगळले गेले आणि संरक्षित केबल वाहिन्या रेकॉर्ड करणारी संगणकावरील प्रमुख प्रणाली संपली. पेटीऐवजी अ‍ॅपद्वारे वाहिन्या खुल्या करण्याचा आयोगाचे अध्यक्ष टॉम व्हीलर यांचा २०१६ चा प्रस्ताव मतदानापूर्वीच बाजूला पडला. सप्टेंबर २०२० मध्ये कार्ड पुरवण्याची नियामक सक्तीही आयोगाने काढून टाकली.

त्या काळातील रेकॉर्डिंगे आजही अनेकांच्या डिस्कवर आहेत. मुक्त प्रत खुणेच्या फाइली अनेक चालू प्लेयरांवर उघडतात. बंदिस्त फाइलींची किल्ली विंडोजच्या ज्या स्थापनेत (इन्स्टॉलेशनमध्ये) तयार झाली तिथेच राहते. ती स्थापना पुसली गेली की शेजारच्या डिस्कवर फाइल अखंड असूनही चित्र उमटत नाही. त्यामुळे असा संग्रह जपणारे लोक विंडोज ७ चे ते जुने यंत्र जसेच्या तसे चालू ठेवतात आणि त्याच्या मदरबोर्डाला शक्यतो हात लावत नाहीत.