संगणक दुरुस्ती (खानदेश)

संगणक दुरुस्ती : बंद पडलेल्या संगणकातला दोष नेमका कुठे आहे ते शोधून तो भाग साफ करणे, बदलणे किंवा पुन्हा सोल्डर करणे. यातला बराचसा वेळ शोधण्यातच जातो. दोष सापडल्यावर रॅम बदलायला दोन मिनिटे पुरतात. हे काम करणाऱ्याला जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत ‘हार्डवेअरवाला’ म्हणतात. दुरुस्तीची तत्त्वे सगळीकडे सारखीच, पण खानदेशात संशय घेण्याचा क्रम ठरलेला आहे : आधी लाईट, मग ऊन, मग धूळ, आणि त्यानंतर यंत्र.

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी विचारपूस होते. “काय व्हयनं भाऊ?” “रातले लाईट गयी, तव्हयपाईन चालूच व्हत नही.” एवढ्यावर अर्धे निदान झालेले असते. गिऱ्हाईक ‘बंद’ म्हणते तेव्हा मात्र तीन निरनिराळ्या गोष्टी सांगत असते. पंखाच फिरत नसेल तर दोष विजेच्या वाटेवर. पंखा फिरून डिस्प्ले येत नसेल तर रॅम, ग्राफिक कार्ड किंवा मदरबोर्ड. कंपनीचे चिन्ह दिसून पुढे अडकत असेल तर बहुधा हार्ड डिस्क किंवा विंडोज.

विजेची वाट भिंतीतल्या सॉकेटपासून तपासतात. गावातल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटला की घरातला 230 व्होल्टचा दाब 400 च्या दिशेने चढतो. अशा वेळी एसएमपीएस या संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीतला व्हॅरिस्टर (जादा दाब अंगावर घेणारा भाग) स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि पुढचा मदरबोर्ड बहुतेक वेळा वाचतो. जळका वास, काळा पडलेला फ्यूज ही त्याची खूण. एसएमपीएस सुटा करून 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडतात. पंखा फिरला की नवशिका खूश होतो. पण पंखा फिरणे म्हणजे पुरवठा बरोबर असणे नव्हे. पिवळ्या वायरवर मल्टिमीटरने 11.4 ते 12.6 आणि लाल वायरवर 4.75 ते 5.25 व्होल्ट मिळाले पाहिजेत, तेही यंत्रावर भार असताना. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, हे ओळखायला मीटरही लागत नाही. अशा घरात नवा एसएमपीएस टाकून देणे म्हणजे पुढच्या बिघाडाची तारीख ठरवणे.

डिस्प्ले येत नसेल तर यंत्र कमी कमी करत जातात. हार्ड डिस्क, डीव्हीडी, जादा कार्डे सोडवून फक्त प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस ठेवायचे. तरीही दाद मिळाली नाही तर मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर मांडतात आणि पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडतात. इथली सर्वात सोपी युक्ती म्हणजे रॅम पूर्ण काढून यंत्र चालू करणे. स्पीकर जोडलेला असून बीप वाजली तर प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत, ते रॅम मागत आहेत. रॅमच्या सोनेरी पट्ट्या शाळकरी खोडरबराने घासून पुन्हा बसवल्या की कित्येक ‘डेड’ संगणक तिथेच उठून बसतात. रोज तारीख मागे जात असेल तर सीआर2032 हा तीन व्होल्टचा सेल संपलेला असतो, इतकेच.

ऊन हा खानदेशातला वेगळा विषय आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानावर चढते, म्हणजे 25 अंशांच्या खोलीत 70 वर असणारा प्रोसेसर इथे दुपारी 90 गाठतो, आणि 100 च्या जवळ तो स्वतःचा वेग कमी करतो किंवा यंत्र बंद पडते. “सकाळी चालतो, दुपारी बंद होतो” ही तक्रार ऐकली की आधी हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूच्या पात्यांचा भाग) पाहायचा. जिनिंगच्या ऑफिसातल्या संगणकात हीटसिंकच्या पात्यांवर कापसाचे तंतू बसून नमद्यासारखा थर होतो. तो चिमट्याने सोलून काढावा लागतो. दालमिलची पीठधूळ ब्लोअरने उडते. नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याचे कॅबिनेट मात्र शहाणा माणूस दुकानात उघडत नाही, बाहेर ओट्यावर नेतो आणि नाकाला रुमाल बांधतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जाते. मग प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावतात.

हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. बदली केलेल्या आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरांचे (साठवणीच्या छोट्या कप्प्यांचे) आकडे डिस्क स्वतःच नोंदवते. ते वाढत असतील तर आधी पूर्ण डिस्कची प्रत घ्यायची, दुरुस्ती नंतर. ‘फॉरमॅट मारून देतो’ हे उत्तर बाजारात फार स्वस्त झाले आहे. आडत दुकानदाराचा वर्षभराचा हिशेब त्यात असतो आणि त्याने ‘डेटा पाहिजे’ असे सांगितलेले नसते, कारण कोणी विचारलेलेच नसते.

लॅपटॉपचे चिप लेव्हल काम, म्हणजे बोर्डवरचा एकेक बारीक भाग तपासून बदलणे, जळगाव-धुळ्यात होते; तालुक्यातले दुकानदार बोर्ड तिकडेच पाठवतात. बेंच सप्लायवर (दाब हवा तसा ठरवता येणाऱ्या टेबलावरच्या वीजपुरवठ्यावर) 19 व्होल्ट देऊन करंटचा आकडा वाचतात. आकडा शून्यच राहिला तर डीसी जॅक (चार्जरची पिन बसते ती जागा) किंवा पहिला मॉस्फेट (वीज आत सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). करंट एकदम चढून व्होल्टेज कोसळले तर कुठेतरी शॉर्ट. मग त्या लाईनवर एखादा व्होल्टच देऊन बोर्डवर आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) ओततात. जिथले आयपीए सर्वात आधी उडून जाते तो कपॅसिटर शॉर्ट. तांदळाच्या कणीहून लहान असा तो तुकडा गरम हवेने उचलला की चाळीस हजारांचा लॅपटॉप सुरू होतो. बायोसची (यंत्र चालू होताना सर्वात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमची) आठ पायांची चिप पुन्हा लिहिताना जुन्याची प्रत आधी ठेवतात, कारण विंडोजची किल्ली आणि सिरीयल नंबर त्यातच असतो.

आयटीआयमध्ये हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण हात बसतो तो दुकानातल्या स्टुलावर. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी सुटे भाग मिळतात. न मिळणारी आयसी (चिप) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतात, आणि तोवर गिऱ्हाइकाचा रोज एक फोन येतो. दुरुस्तीनंतर यंत्र झाकण लावूनच दोन-तीन तास चालवून पाहायचे असते. उन्हाळ्यात जाणता माणूस सकाळी झालेले काम दुपारी देत नाही. चार वाजेपर्यंत ते पत्र्याखालच्या टेबलावर चालूच ठेवतो.