नव्या टीव्हीवर सिनेमा मालिकेसारखा का दिसतो?

नवा मोठा टीव्ही भिंतीवर चढला की आठवड्याभरात घरात दोन तट पडतात. एकाला चित्र कसं लोण्यासारखं सरकतंय याचं कौतुक असतं. दुसरा कपाळाला आठ्या घालून म्हणतो, ‘हा सिनेमा आहे की संध्याकाळची मालिका?’ कोट्यवधी खर्चून काढलेला युद्धपट असतो, पण दिसतं असं की कुणीतरी सेटवर उभं राहून साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलाय. हा घरगुती वाद डिसेंबर २०१८ मध्ये जगभर पोहोचला. टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्तोफर मॅक्वारी यांनी एक छोटा व्हिडिओ टाकून प्रेक्षकांना विनंती केली, की टीव्हीतली ही ‘सुधारणा’ कृपा करून बंद करा. मग इंटरनेटवर जे व्हायचं ते झालं. निम्मे लोक म्हणाले, अखेर कुणीतरी बोललं. उरलेले म्हणाले, टीव्ही आमचा, डोळे आमचे, तुम्ही कोण सांगणार?

त्या वादात एक विधान हमखास येतं: ‘माणसाच्या डोळ्याला सेकंदाला २४ पेक्षा जास्त चित्रं दिसतच नाहीत, म्हणून तर सिनेमा २४ फ्रेमचा असतो.’ हे साफ खोटं आहे. पण ते खोटं का, आणि मग २४ हा आकडा आला कुठून, हे पाहायला लागलं की मूळ भांडणापेक्षा रंजक गोष्टी हाती लागतात.

आधी टीव्हीच्या पोटात काय चालतं ते पाहू. सिनेमात दर सेकंदाला २४ चित्रं असतात. टीव्हीचा पडदा मात्र सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. १२० वाल्या पडद्यापुढे दोन वाटा असतात. प्रत्येक चित्र पाच वेळा तसंच दाखवायचं, किंवा दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये चार नवी चित्रं स्वतः तयार करून घालायची. दुसरी वाट म्हणजेच ती ‘सुधारणा’. टीव्हीतली चिप चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडते, या फ्रेममधला अमुक चौकोन पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकला ते शोधते, आणि मधल्या क्षणी तो कुठे असेल याचा अंदाज बांधून तिथे रंगवते. गाडी, चेंडू, सरळ चालणारा माणूस इथपर्यंत अंदाज बरोबर येतो. पंख्याची पाती, नर्तकीची बोटं, जाळीदार कुंपणामागून पळणारा माणूस आला की चिप गोंधळते. जे आधी झाकलेलं होतं आणि आता उघडं पडलं, त्याची माहिती आधीच्या फ्रेममध्ये नसतेच. मग कडांभोवती पाण्यासारखी थरथरणारी प्रभावळ दिसते. हिशेब मांडला तर अशा टीव्हीवर दिसणाऱ्या दर पाच चित्रांपैकी चार चित्रं कोणत्याही कॅमेऱ्याने कधी टिपलेलीच नसतात.

मग कंपन्यांनी हा उद्योग केला कशाला? केवळ दुकानात चमकून दिसावं म्हणून, असा आरोप होतो. त्यात तथ्य नाही असं नाही, पण अडचण खरीखुरी होती. जुन्या डबा टीव्हीत, म्हणजे काचेच्या नळीवाल्या संचात, पडद्यावरचा प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून लगेच विझायचा. आजच्या सपाट एलसीडी टीव्हीत तसं होत नाही. तिथे चित्र पुढचं चित्र येईपर्यंत तसंच तेवत राहतं. वरवर पाहता हे उत्तम, डोळ्यांना लुकलुक जाणवत नाही. पण आपले डोळे स्थिर नसतात ना. सीमारेषेकडे जाणाऱ्या चेंडूमागे ते सलग, न थांबता फिरतात. पडद्यावरचा चेंडू मात्र थांबतो, उडी मारतो, पुन्हा थांबतो. तो थांबलेला असताना डोळा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे दृष्टिपटलावर त्याची प्रतिमा फरफटते आणि चेंडू पुसट दिसतो. दोन सेकंदांत १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा ओलांडणारी वस्तू घ्या. तिचा वेग सेकंदाला ९६० पिक्सेल. सेकंदाला ६० चित्रं असतील तर प्रत्येक चित्राच्या मुक्कामात डोळा १६ पिक्सेल पुढे जातो, आणि तेवढाच पुसटपणा येतो. पडदा कितीही महाग असला तरी हा पुसटपणा त्याच्या दर्जामुळे आलेला नसतो. चित्राचा मुक्काम कमी करणं हाच उपाय: मध्ये काळोख घाला किंवा मध्ये नवं चित्र घाला. काळोख घातला तर उजेड कमी होतो. म्हणून नवं चित्र. १२० चित्रं झाली की फरफट १६ वरून ८ पिक्सेलवर येते. क्रिकेटसाठी ही औषधाची योग्य मात्रा आहे. ती सिनेमालाही पाजली, इथे गडबड झाली.

आता तो २४ चा आकडा. मूकपटांच्या काळात ठरलेला वेग असा नव्हताच. कॅमेरावाला हाताने दांडा फिरवायचा, साधारण सेकंदाला १६ फ्रेम, कधी १८, कधी २०. थिएटरातला ऑपरेटर तेच रीळ आपल्या मर्जीने आणि खेळांच्या वेळापत्रकाप्रमाणे पळवायचा. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे १६ च्या वेगाने मिनिटाला ६० फूट फिल्म जाते. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. सेकंदाला १६ च्या वेगाने तो तासाभराचा होतो, २४ च्या वेगाने जेमतेम ४१ मिनिटांचा. जुन्या मूकपटांत माणसं तुरुतुरु पळताना दिसतात, त्याचं मुख्य कारण हेच. ती मंडळी तशी चालत नव्हती, आपण त्यांना पळवतो.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस सिनेमा बोलू लागला आणि ही चैन संपली. चित्राचा वेग थोडा कमीजास्त झाला तर डोळा चालवून घेतो. कान घेत नाहीत. स्वर जरा घसरला की गाणं बेसूर. आवाजासाठी वेग पक्का हवा, आणि पुरेसा जास्त हवा, कारण फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असेल तर ती जितक्या वेगाने सरकेल तितके वरचे सूर नीट उमटतात. उलट बाजूला फिल्मचा खर्च. वेग वाढवला की तेवढी जास्त फूट फिल्म जाळायची. या ओढाताणीत मिनिटाला ९० फूट हा वेग मान्य झाला. ९० गुणिले १६ म्हणजे १,४४०, भागिले ६०, उत्तर २४. या हिशेबात कान आहेत, निर्मात्याचा खिसा आहे. डोळ्याची मर्यादा कुठेच नाही.

डोळ्याची सोय वेगळ्या युक्तीने केली होती. सेकंदाला २४ वेळा उजेड-अंधार केला तर लुकलुक असह्य होते. मोठ्या उजळ पडद्यावर ती नाहीशी व्हायला साधारण ५० ते ६० उघडझापा लागतात. म्हणून प्रोजेक्टरच्या शटरला दोन किंवा तीन पाती ठेवली, आणि एकच फ्रेम दोन-तीनदा दाखवली. चित्रं २४ च, पण झळका ४८ किंवा ७२.

शाळेत आपण याला दृष्टिसातत्य म्हणून शिकलो: डोळ्यावर प्रतिमा एक षोडशांश सेकंद टिकते, म्हणून चित्रं जोडली जातात. लुकलुक का दिसत नाही हे त्याने थोडंफार समजतं. हालचाल का दिसते हे अजिबात समजत नाही. प्रतिमा नुसत्या एकमेकींवर टिकून राहिल्या असत्या, तर हात हलवणारा माणूस आपल्याला चार पुसट हातांचा दिसला असता. १९१२ मध्ये माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने दोन रेषा ठरावीक अंतराने आळीपाळीने दाखवून सिद्ध केलं, की मेंदू त्यांच्यात हालचाल स्वतः निर्माण करतो. म्हणजे मधली चित्रं कल्पनेने भरणारी पहिली यंत्रणा टीव्हीत आली नाही. ती आपल्या डोक्यात आधीपासून होती, आणि प्रभावळीशिवाय काम करत होती.

डोळ्याची खरी मर्यादा काय, याला एकच आकडा नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की केवळ १३ मिलिसेकंद दिसलेल्या चित्रात काय होतं हे लोक ओळखू शकतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, विशिष्ट नक्षीचं चित्र असेल आणि डोळे हलत असतील तर ५०० हर्ट्झची लुकलुकही जाणवते असं आढळलं. ६० आणि १४४ फ्रेममधला फरक गेम खेळणाऱ्या पोरांना प्रयोगशाळेशिवायच ठाऊक असतो.

तर मग जास्त फ्रेम म्हणजे जास्त चांगला सिनेमा का नाही? हा प्रयोग झालाय, आणि सढळ हाताने झालाय. पीटर जॅक्सनने २०१२ चा ‘द हॉबिट’ ४८ फ्रेमने चित्रित केला. अँग लीने २०१६ आणि २०१९ मध्ये दोन चित्रपट १२० फ्रेमने केले. तंत्रज्ञान निर्दोष होतं, टीव्हीच्या चिपसारखा अंदाजपंचे कारभार नव्हता, प्रत्येक फ्रेम खरी होती. तरी तक्रार तीच: सगळं सेटवर घडतंय असं वाटतं, दाढी चिकटवलेली कळते. त्यामागे एक साधं प्रकाशशास्त्र आहे. २४ फ्रेमच्या सिनेमात शटर सहसा सेकंदाचा ४८वा भाग उघडं असतं. तेवढ्या वेळात हलणारी गोष्ट किंचित विरघळते, आणि त्या विरघळण्यात मेकअप, लाकडी तलवार, रंगवलेला दगड सगळं खपून जातं. ‘हॉबिट’मध्ये ही वेळ ६४वा भाग झाली. हालचाल लख्ख झाली आणि कलादिग्दर्शकाचं पितळ उघडं पडलं.

दुसरं कारण सवयीचं, आणि माझ्या मते तेच जास्त वजनदार. भारतात टीव्ही प्रक्षेपणाची ‘पाल’ नावाची पद्धत होती. त्यात व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला ५० अर्धचित्रं (प्रत्येकात एकाआड एक ओळी) टिपायचा. बातम्या, कसोटी सामने, व्हिडिओवर चित्रित झालेल्या मालिका, सगळं या ५० च्या गुळगुळीत चालीचं. सिनेमा मात्र २४ चा. अमेरिकेत हाच आकडा ६० होता आणि दुपारच्या कौटुंबिक मालिका व्हिडिओवर निघायच्या, म्हणून तिकडे या दिसण्याला सोप ऑपेरा इफेक्ट म्हणतात. ब्रिटनमध्ये तर बीबीसीच्या एकाच भागात घरातले प्रसंग व्हिडिओवर आणि रस्त्यावरचे फिल्मवर असायचे. कुणी न शिकवता दोन-तीन पिढ्यांचे मेंदू शिकले: गुळगुळीत म्हणजे आत्ता, इथे, स्वस्तात, किंचित अडखळत म्हणजे गोष्ट. नव्या टीव्हीची चिप ही खूणगाठच सोडवून टाकते.

(जाता जाता: पाल पद्धतीच्या देशांत २४ चा सिनेमा टीव्हीवर २५ ने चालवायचा प्रघात होता. अडीच तासांचा चित्रपट अशाने सहा मिनिटं आधी संपतो आणि गाणी अर्ध्या स्वराहून थोडी कमी चढतात, असं ऐकून दचकायला होईल; पण वेग चार टक्क्यांनी वाढला की पट्टी तेवढीच वर जाते, हे गणित टळत नाही.)

सवयीचा युक्तिवाद मान्य केला की एक अडचणीचा निष्कर्षही मान्य करावा लागतो. ज्यांचं बालपण ६० फ्रेमच्या गेममध्ये आणि मोबाइलच्या व्हिडिओत गेलं, त्यांना २४ ची चाल पवित्र वाटण्याचं काही कारण नाही. त्यांना ती नुसती अडखळती वाटेल, आणि ते चुकीचे नसतील. पण कमी फ्रेम ही नेहमी मजबुरी नसते, हेही त्याच पिढीच्या आवडत्या सिनेमाने दाखवलं. २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’मध्ये नवशिक्या माइल्सची हालचाल बऱ्याचदा दर दोन फ्रेमनंतर बदलते, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. अनुभवी पीटर त्याच चौकटीत २४ ने झोके घेतो. माइल्सचा अवघडलेपणा असा थेट डोळ्यांना कळतो. असा चित्रपट गुळगुळीत करणाऱ्या टीव्हीवर लावला की चिप माइल्सला परस्पर तरबेज करू पाहते.

जपानी ॲनिमेशनमध्ये संगणकाने मधली चित्रं भरून केलेल्या ‘४के ६० फ्रेम’ क्लिपांबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. सिनेमाच्या आरंभकाळातल्या लुमिएर बंधूंच्या, स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीच्या चित्रपटाची अशीच गुळगुळीत आवृत्ती २०२० मध्ये खूप फिरली. लुमिएर यांचे खेळ मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाले होते. त्या काळच्या प्रेक्षकांनी पाहिलेल्या सिनेमात या गुळगुळीत आवृत्तीतली बहुतेक चित्रं नव्हतीच. खेळणं म्हणून ती आवृत्ती झकास आहे. ऐतिहासिक पुरावा म्हणून मात्र तिच्याकडे पाहू नये.

जेम्स कॅमेरॉनने २०२२ च्या ‘अवतार: द वे ऑफ वॉटर’मध्ये मधला मार्ग काढला. पाण्याखालची आणि धावपळीची काही दृश्यं ४८ फ्रेमने, संवाद २४ ने, म्हणजे तिथे प्रत्येक फ्रेम दोनदा. काहींना हे बदल जाणवले आणि खटकले, काहींना पत्ताही लागला नाही.

घरच्या टीव्हीसाठी सांगायचं तर हे बटण कंपनीगणिक वेगळ्या नावाने लपलेलं असतं: सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. २०१९ मध्ये काही कंपन्या आणि स्टुडिओंनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. तो असेल तर एका झटक्यात हे सगळं बंद होतं. सामन्यासाठी चालू, सिनेमासाठी बंद, एवढं बहुतेकांना पुरतं. ओलेड टीव्हीवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो त्यांनी, मात्र थोडं सबुरीने घ्यावं. ओलेडचे ठिपके इतक्या चपळाईने बदलतात, की एलसीडीवर आपोआप झाकला जाणारा २४ फ्रेमचा धक्का तिथे उघडा पडतो, आणि डोंगररांगेवरून हळू फिरणारा कॅमेरा ठेचकाळत चालल्यासारखा दिसतो. तिथे हे बटण पूर्ण बंद न करता अगदी खालच्या पायरीवर ठेवून पाहायला हरकत नाही. टॉम क्रूझला कळणार नाही.