स्वतःला इजा करून घेणे: गैरसमज आले कुठून?

‘मरायचंच होतं, पण जमलं नाही.’ ‘लक्ष वेधून घ्यायला करतात.’ ‘मुलींचं खूळ आहे, वय सरलं की जाईल.’ स्वतःला इजा करून घेणाऱ्यांबद्दलची ही मते अडाणीपणातून आली असावीत, असे वाटते. पण त्यातल्या बऱ्याचशा मतांचे मूळ डॉक्टरांच्याच लेखनात सापडते. शास्त्र पुढे सरकले, त्याने टाकून दिलेल्या कल्पना मात्र लोकांच्या बोलण्यात टिकून राहिल्या.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांनी 1938 मध्ये ‘मॅन अगेन्स्ट हिमसेल्फ’ या पुस्तकात या वर्तनाला शरीराच्या एका भागापुरती आत्महत्या म्हटले. त्याच वेळी त्यांनी हेही लिहिले की ही एक तडजोड आहे. थोडे गमावून माणूस पूर्ण विनाश टाळू पाहतो. लोकांच्या लक्षात राहिला तो पहिला भाग. दुसरा जास्त मोलाचा होता.

मनोविकारतज्ज्ञ एर्विन स्टेंगल यांचेही तसेच झाले. आत्महत्येच्या प्रयत्नात आजूबाजूच्यांना घातलेली साद असते, असे त्यांनी 1958 मध्ये ब्रिटनमध्ये मांडले. ही सहानुभूतीतून आलेली मांडणी होती. पण ‘साद’चे ‘नाटक’ व्हायला वेळ लागला नाही, आणि तातडीच्या विभागात आलेल्यांना उपचारांसोबत टोमणेही मिळू लागले. वास्तविक अनेक जण जखमा इतक्या शिताफीने लपवतात की घरच्यांनाही वर्षानुवर्षे पत्ता नसतो. आणि एखाद्याने खरोखरच कुणाच्या लक्षात यावे म्हणून केले असेल, तर त्याला दुसरा मार्ग सुचला नाही याचीच काळजी वाटायला हवी.

1960च्या दशकात अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांमधून एक ठरावीक चित्र पुढे आले: तरुण, हुशार, देखणी, अविवाहित स्त्री. या वर्णनात रुग्णापेक्षा लिहिणाऱ्याची नजरच जास्त दिसते. ते दाखल झालेल्या मोजक्या रुग्णांवरून बेतलेले होते. जे रुग्णालयात आलेच नाहीत, त्यांची मोजदाद कोण करणार? पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा स्त्रियांमधले प्रमाण पुरुषांच्या साधारण दीडपट निघाले. रुग्णालयाबाहेरच्या लोकांत हा फरक आणखी कमी होता. वयाचेही तेच; प्रौढांतही हे आढळते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका एकत्रित विश्लेषणात, मरण्याचा हेतू नसताना आयुष्यात कधीतरी स्वतःला इजा केल्याचे सुमारे 17 टक्के किशोरवयीनांनी सांगितले होते; प्रौढांमध्ये हे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास होते.

1980 च्या ‘डीएसएम’ या अमेरिकन निदान-पुस्तिकेत हे वर्तन बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचे (भावना आणि नातेसंबंध सतत अस्थिर राहणाऱ्या विकाराचे) एक लक्षण म्हणून आले. परिणाम असा की जखम दिसली की तोच शिक्का बसू लागला. तो पुसायला बराच काळ गेला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आर्मांडो फावाझा यांनी 1987 मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून सांगितले की असह्य मनःस्थितीतून तात्पुरते सुटण्याची ही धडपड आहे. 2013 मध्ये ‘डीएसएम’च्या पाचव्या आवृत्तीने आत्महत्येच्या हेतूविना केलेली इजा ‘अधिक अभ्यासाची गरज असलेली स्थिती’ म्हणून वेगळी नोंदवली.

माणूस असे का करतो, यावर आता बऱ्यापैकी स्पष्ट उत्तरे आहेत. सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे उसळलेली भावना खाली आणणे. कुणाला आतल्या बधिरपणातून बाहेर यायचे असते, कुणी स्वतःला शिक्षा देत असतो, कुणाला शब्दांत मांडता न येणारे काही सांगायचे असते. काही क्षण मोकळे वाटते, मग शरम येते, आणि तीच पुढच्या वेळेची तयारी करते. म्हणूनच रागावणे किंवा ‘पुन्हा करणार नाही’ असे वचन घेणे फारसे कामी येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी या उपचारपद्धतीत भावना पेलण्याची कौशल्ये शिकवली जातात. तिचा उपयोग होतो हे 1991 च्या चाचणीत दिसले. त्याच लिनेहान यांनी 2011 मध्ये आपणही तरुणपणी यातून गेलो असल्याचे जाहीरपणे सांगितले.

आत्महत्येशी असलेले नाते मात्र झटकून टाकता येत नाही. बहुतेकांना त्या क्षणी मरायचे नसते, तरी पुढच्या काळात आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे ‘जीव द्यायला निघाला होता’ हे जसे घाईचे, तसेच ‘त्यात काय एवढं’ हेही. थेट विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीतीही अभ्यासांत टिकलेली नाही. जखम किरकोळ दिसली तरी शांतपणे विचारावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जावे. तिथेही प्रश्नावलीत मिळालेल्या गुणांवरून पुढचा धोका ठरवू नये, असे उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. त्याऐवजी त्या माणसाची परिस्थिती आणि गरजा त्याच्याशी बोलूनच समजून घ्याव्यात.