वसंतातील हिमस्खलन

डोंगरउतारावर साचलेला बर्फ उन्हाने किंवा पावसाने ओला होऊन कोसळतो, ते वसंतातील अथवा ओले हिमस्खलन. हिमलोट असाही शब्द रूढ आहे. पश्चिम हिमालयात उंचीनुसार मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत याचा धोका असतो. महाराष्ट्रातले ट्रेकर मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे जातात तेव्हाही तो टळलेला नसतो.

थंडीत बहुधा वरचा थर खालच्या कच्च्या थरावरून लादीसारखा सुटतो. वसंतात घात करते ते पाणी. दिवसा वितळलेले पाणी बर्फात मुरते आणि कणाला कण धरून ठेवणारी पकड सैल होते. रात्र निरभ्र असेल तर बर्फातली ऊब आकाशात निघून जाते, वर कडक पापुद्रा धरतो आणि पहाटे त्यावरून चालणे त्या मानाने सुरक्षित असते. ढगाळ रात्री ऊब अडून राहते, पापुद्रा धरत नाही आणि उतार सकाळीच सैल असतो. म्हणून उजाडल्यावरच्या निळ्या आकाशावर भरवसा ठेवू नये. रात्री चांदण्या होत्या का, हे आधी विचारावे. सह्याद्रीत आपण पहाटे निघतो ते ऊन चुकवायला; हिमालयातल्या रूपिन पाससारख्या खिंडीच्या चढावर पहाटे निघायचे ते बर्फ सैल होण्याआधी घळ पार करायला.

ऊन आधी पूर्वेकडच्या उतारांवर येते, मग दक्षिणेकडच्या, दुपारनंतर पश्चिमेकडच्या. 30 ते 45 अंशांचे उतार सर्वांत घातक. बूट घोट्याच्या वर रुतू लागला, बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, की मागे फिरावे, शिखर कितीही जवळ असो. आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावरचा उतार पाहावाच.

भूमध्य सागराकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या हवेच्या प्रणाली, एप्रिलमध्येही ताजा बर्फ टाकतात. 23 एप्रिल 2021 रोजी चमोली जिल्ह्यातील सुमना येथे अशाच बर्फवृष्टीनंतर सीमा रस्ते संघटनेच्या शिबिरावर हिमलोट आला आणि अनेक मजूर दगावले. डीआरडीओची चंदीगड येथील डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. निघण्यापूर्वी ते पाहावेत.

गाडलेला माणूस जिवंत सापडण्याची आशा पहिल्या 10 ते 15 मिनिटांनंतर झपाट्याने ओसरते. एवढ्यात खालून मदत पोहोचत नाही, शोध सोबत्यांनाच घ्यावा लागतो. त्यासाठी ट्रान्ससीव्हर, म्हणजे गाडलेल्याचा ठाव सांगणारे छोटे रेडिओ यंत्र, प्रत्येकाच्या अंगावर सुरू हवे, आणि शोधकाठी व फावडे प्रत्येकाच्या स्वतःच्या सॅकमध्ये.